सॅक्सोफोनचा कंठ : लांकूड कीं पितळ?

लग्नाच्या वरातीपुढें चालणाऱ्या बँडांत एक वांकडें, पिवळेंधमक वाद्य सर्वांच्या नजरेंत भरतें. खालीं कर्ण्यासारखें उघडें तोंड, अंगावर चाव्यांची दाटी आणि वर हंसाच्या मानेसारखी वळलेली नळी, असें त्याचें रूप असतें. हाच सॅक्सोफोन होय. त्याच मांडवाच्या दाराशीं सकाळीं सनई वाजून गेलेली असते. सनईचा देह लांकडाचा व टोकाचें फूल पितळेचें. सॅक्सोफोनचा सारा देहच पितळेचा. दोन्हींचा आवाज ऐकणारा सहज म्हणतो कीं, एकीचा स्वर लांकडाचा म्हणून गोड, आणि दुसऱ्याचा स्वर धातूचा म्हणून झणझणीत. हें म्हणणें इतकें सरळ दिसतें कीं, त्याची उलटतपासणी करावी असें कोणाच्या मनांत येत नाहीं.

पाश्चात्य देशांतील कांहीं कारागिरांनीं मात्र ही समजूत व्यवहारांत उतरविली आहे. सॅक्सोफोनची वळलेली मान मूळ देहापासून सुटी करतां येते. ती पितळी मान काढून तिच्या जागीं कठीण लांकडाची मान ते बसवितात. अशी मान लावून वाजविणारे वादक सांगतात कीं, स्वराची धार कमी होते, त्यांत एक प्रकारची ऊब येते आणि खालच्या सप्तकांतील स्वर फुंक घालतांच उठतो. दुसरे कांहीं वादक नेमकें उलट सांगतात : स्वर दबतो व वाद्य जड चालतें. दोन्ही पक्षांची साक्ष स्वतःच्या कानांची आहे, आणि दोघेही आपापल्या परी प्रामाणिक आहेत.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न असता तर त्यावर इतका खल करण्याचें कारण नव्हतें. परंतु त्यांत तीन गोष्टी गुंतल्या आहेत. पहिली वादकाच्या पैशाची. कारण जो गुण लांकडाचा म्हणून विकला जातो तो खरोखर लांकडाचा नसेल, तर भलत्याच गोष्टीची किंमत मोजली जाते. दुसरी जंगलाची. क्लॅरिनेटादि वाद्यांसाठीं पूर्व आफ्रिकेंतून जें काळें लांकूड येतें, तें आपल्याकडील शिसवीच्याच कुळांतील असून त्याचें झाड फार सावकाश वाढतें. त्या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ सालीं निर्बंध घालण्यांत आले. तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस. तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक : जाणत्या माणसाच्या कानाची साक्ष कितपत प्रमाण मानावयाची?

हा वाद नवा नाहीं. सॅक्सोफोनच्या जन्माबरोबरच तो उभा राहिला होता, आणि त्यांतील एका पक्षाचा पुरस्कर्ता खुद्द त्या वाद्याचा जनकच होता. आदोल्फ साक्स याचा जन्म आजच्या बेल्जममधील दीनां या गांवीं ६ नोव्हेंबर १८१४ रोजीं झाला. त्याचे वडील शार्ल जोझेफ साक्स हे मूळचे सुतारकामांतले. पुढें ब्रुसेल्स येथें वाद्यें करण्याचा कारखाना काढून ते नांवारूपास आले. मुलगा वाढला तो लांकडाच्या भुशांत आणि पितळेवर चालणाऱ्या कानशीच्या आवाजांत. १८३८ सालीं त्यानें बास क्लॅरिनेटच्या सुधारलेल्या घडणीचें पेटंट घेतलें. या वाद्याचा देह लांकडी आणि मान धातूची असते. म्हणजे आज ज्यांना सॅक्सोफोनच्या पितळी देहावर लांकडी मान हवी आहे, त्यांच्या नेमकी उलट जोडणी साक्सच्या हाताखालून आधींच गेली होती. आणि धातूच्या मानेमुळें बास क्लॅरिनेटचा स्वर लांकडाचा राहिला नाहीं, अशी तक्रार सहसा ऐकूं येत नाहीं.

१८४२ सालीं साक्स पॅरिसला गेला. विख्यात संगीतकार बर्लिओझ यानें त्याच वर्षीं एका वृत्तपत्रांत त्याच्या नव्या वाद्याची मोठ्या आदरानें ओळख करून दिली. चार वर्षांनीं, १८४६ सालीं, साक्सनें सॅक्सोफोनचें फ्रेंच पेटंट मिळविलें. मोकळ्या हवेंत पलटणीच्या बँडांत ऐकूं जाईल इतका जोर आणि तंतुवाद्याच्या जवळ जाणारा लवचिक स्वर, या दोन्ही गोष्टी एका वाद्यांत आणण्याचा त्याचा हेतु होता. त्यासाठीं त्यानें खालीं रुंद होत जाणारी शंकूच्या आकाराची पितळी नळी घेतली, आणि तिच्या निमुळत्या टोकाला क्लॅरिनेटप्रमाणें वेताची एकच पत्ती असलेलें माउथपीस जोडलें. हें माउथपीस त्या काळीं लांकडाचें असे. पत्ती ओंठांत धरून वाजवितात म्हणून हा सॅक्सोफोन पितळेचा असूनही पाश्चात्य लोक त्याची गणना लांकडी वाद्यांच्या कुळांत करितात. नांव लांकडाचें, अंग पितळेचें, असा हा प्रकार आहे.

त्या पेटंटांत साक्सनें एक सिद्धांत मांडला. वाद्याच्या स्वराचा रंग हा नळींत कोंडलेल्या हवेच्या स्तंभाच्या प्रमाणांवरून ठरतो, असें त्याचें प्रतिपादन होतें. नळी किती लांब, तिचें पोट कोठें किती रुंद, ती किती वेगानें फांकत जाते, यावर सर्व कांहीं अवलंबून. ही भूमिका घेण्यांत त्याला स्वतःचा स्वार्थही होता, हें उघड आहे. घाटच जर स्वराचा जनक, तर नवा घाट शोधून काढणारा हा खरा शोधक ठरे. पॅरिसमधील इतर कारखानदारांना मात्र हें मान्य नव्हतें. त्यांनीं एकजूट करून साक्सच्या पेटंटांवर फिर्यादी घातल्या, आणि ते खटले वर्षानुवर्षें चालले. १८५२, १८७३ आणि १८७७ अशा तीन वेळां साक्सचें दिवाळें निघालें. १८९४ सालीं पॅरिसमध्यें तो वारला, तेव्हां त्याच्या वाद्याचें नांव युरोपभर झालें होतें, पण संपत्ति त्याच्या हातीं उरली नव्हती.

साक्सच्या सिद्धांताला जुना पुरावा नव्हता असें नाहीं. सोळाव्या व सतराव्या शतकांत युरोपच्या देवळांतून कॉर्नेट नांवाचें एक वाद्य वाजत असे. हा आजच्या बँडांतील पितळी कॉर्नेट नव्हे. त्याची नळी लांकडाची, वरून कातडें मढविलेली. परंतु तोंडाला लहानशी वाटी असून ती तुतारीसारखी ओंठ थरथरवून वाजवावी लागे. सर्पेंट हें त्याच जातीचें मोठें, नागमोडी वाद्य. लांकडाचीं असूनही हीं वाद्यें सनई-क्लॅरिनेटाच्या पंक्तींत बसत नाहींत. त्यांचें नातें तुतारीशीं आहे. पुढें एकोणिसाव्या शतकांत ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयाच्या वाद्यसंग्रहाचे प्रमुख व्हिक्तोर महियों यांनीं हाच मुद्दा सिद्ध करण्यासाठीं मुद्दाम लांकडाची तुतारी करविली. लांकडांतूनही तुतारीचाच स्वर निघतो, असा त्यांचा निर्वाळा होता.

दुसरा पक्षही तितकाच भारी होता. म्यूनिक येथील थिओबाल्ड बोएम हा सोनार, वादक आणि वाद्यकार असा तिहेरी गुणांचा माणूस होता. पाश्चात्य बासरीची आजची घडण त्याचीच. १८३२ सालीं त्यानें तिच्या चाव्यांची नवी रचना केली, आणि १८४७ सालीं सरळ नळीची धातूची बासरी तयार केली. चांदी व लांकूड या दोहोंवर त्याचा हात सारखाच चाले. वाद्याच्या पदार्थाचा स्वरावर परिणाम होतो, असें त्याचें अनुभवाचें मत होतें. म्यूनिकचे प्राध्यापक शाफहॉयट्ल हे त्याचे स्नेही. वाद्याच्या पदार्थाचा स्वरावर परिणाम होतो ही केवळ दंतकथा आहे काय, असा प्रश्न मथळ्यांतच विचारणारा लेख त्यांनीं १८७९ सालीं एका संगीतविषयक नियतकालिकांत लिहिला, आणि ती दंतकथा नव्हे असा पक्ष घेतला.

याच पक्षाला विसाव्या शतकाच्या आरंभीं एक नामांकित पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ येऊन मिळाला. अमेरिकेंतील क्लीव्हलंड येथील डेटन मिलर यांना बासरीचें वेड होतें. त्यांनीं जमविलेल्या सतराशेंहून अधिक बासऱ्या त्यांच्या मृत्यूनंतर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयास मिळाल्या. बोएमचें पुस्तक इंग्रजींत आणणारेही तेच. १९०९ सालीं त्यांनीं एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. पातळ जस्ताची चौकोनी, दुहेरी भिंतीची नळी करून ती ऑर्गनच्या नळीप्रमाणें वाजत ठेविली, आणि दोन भिंतींमधील पोकळींत हळूहळू पाणी भरीत नेलें. पाणी चढत गेलें तसतसा स्वर बदलत गेला. आंतली हवा तीच, आंतला आकार तोच. बदलली ती केवळ भिंतीची स्थिति. पदार्थवादी पक्षाला याहून चांगला साक्षीदार कोणता हवा होता?

पण या साक्षीदाराची उलटतपासणी बाकी होती. घरांतील रॉकेलचा चौकोनी पत्र्याचा डबा अंगठ्यानें दाबला तर त्याची बाजू आंत जाते व सोडतांच टण्‌कन बाहेर येते. तितक्याच जाडीच्या पत्र्याची गोल नळी दाबून पाहावी. ती सहसा दबत नाहीं. नळींतील हवेचा दाब सेकंदाला शेंकडों वेळां कमीजास्त होत असतो. सपाट भिंत त्या दाबाबरोबर आंतबाहेर होऊं शकते. गोल भिंतीला सर्व बाजूंनीं सारखा ताण बसत असल्यामुळें ती जवळजवळ निश्चल राहते. मिलर यांची नळी चौकोनी होती. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट व बासरी यांच्या नळ्या गोल असतात. १९४० सालीं टेक्सास येथील बोनर व न्यूमन यांनीं निरनिराळ्या पदार्थांच्या गोल नळ्या वाजवून मोजमाप घेतलें, तेव्हां त्यांच्या स्वरांत फरक नांवालाच आढळला.

यापुढचें पाऊल जॉन बॅकस यांनीं टाकलें. १९६४ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत त्यांनीं क्लॅरिनेटची भिंत वाजतांना किती थरथरते हें मोजलें. ती थरथरते, यांत शंका नाहीं. बोटांना तें जाणवतेंही. परंतु त्या थरथरीतून बाहेर पडणारा आवाज छिद्रांतून बाहेर पडणाऱ्या आवाजाच्या मानानें इतका क्षीण ठरला कीं, तो कानाला वेगळा ऐकूं येणें शक्य नाहीं.

यंत्राचें म्हणणें कलावंताला पटतेंच असें नाहीं. म्हणून १९७१ सालीं जॉन कोल्टमन यांनीं कानालाच कसोटीवर धरलें. कोल्टमन हे शास्त्रज्ञ तर होतेच, शिवाय स्वतः बासरी वाजवीत. त्यांनीं आंतून तंतोतंत एकाच मापाच्या, बिनचाव्यांच्या तीन बासऱ्या केल्या : एक चांदीची, एक तांब्याची व एक लांकडाची. चांदीची भिंत सुमारें ०.३६ मिलिमीटर जाड, तांब्याची तिच्या चौपट, तर लांकडाची दसपटीहून जाड. तोंडाकडील भाग तिन्हींना सारखाच लावला. श्रोत्यांना वादक दिसणार नाहीं अशी व्यवस्था केली, आणि कोणती बासरी वाजत आहे तें ओळखण्यास सांगितलें. श्रोत्यांत बासरी वाजविणारेही होते. त्यांचीं उत्तरें आणि नाणें उडवून मिळालेलीं उत्तरें यांत तफावत दिसली नाहीं. नंतर वादकांचीही परीक्षा झाली. हातांना वजनावरून कांहीं कळूं नये अशा रीतीनें बासऱ्या बसविल्या होत्या. वादकांनाही त्या ओळखतां आल्या नाहींत.

व्हिएन्ना येथें २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत एकाच घडणीच्या, पण चांदीपासून सोनें व प्लॅटिनमपर्यंत निरनिराळ्या धातूंच्या सात बासऱ्या सात निष्णात वादकांनीं वाजविल्या. वादकावादकांमधील फरक सहज दिसून आला. धातूधातूंमधील फरक मात्र भरंवशानें सांगण्याजोगा निघाला नाहीं.

येथवर साक्सचा पक्ष जिंकला असें दिसतें. प्रत्यक्ष वाद्यांच्या इतिहासांतही त्याला बळकटी देणारीं दोन उदाहरणें आहेत. पहिलें हंगेरीचें. बुडापेस्टच्या शुंडा या कारखानदारानें १८९० नंतरच्या दशकांत तारोगातो नांवाचें वाद्य नव्या रूपांत पुढें आणलें. त्याला एकेरी पत्ती आणि शंकूसारखी नळी असते, पण देह संपूर्ण लांकडाचा. ऐकणाऱ्याला तें सर्वप्रथम उंच स्वराच्या सॅक्सोफोनचें भावंडच वाटतें. त्याचा जो थोडा मऊपणा आहे, तोही नळीच्या निराळ्या मापांना व छिद्रांच्या रचनेला धरून आहे.

दुसरें उदाहरण लंडनचें. महायुद्धानंतर पितळ महाग झाली असतां तेथें ग्राफ्टन नांवाचा सॅक्सोफोन निघाला. त्याचा देह हस्तिदंती रंगाच्या प्लॅस्टिकचा व मान धातूची होती. १९५० पासून सुमारें सतरा-अठरा वर्षें तो बाजारांत होता. जाझ संगीतांतील थोर वादक चार्ली पार्कर यानें १५ मे १९५३ रोजीं कॅनडांतील टोरॉंटो येथील मॅसी हॉलमध्यें हाच प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन वाजविला. त्या मैफलीच्या ध्वनिमुद्रिकेवर कराराच्या अडचणीमुळें त्याचें नांव बदलून छापावें लागलें. पण नांव बदलून आणि पितळेऐवजीं प्लॅस्टिक घेऊनही पार्कर लपला नाहीं. पहिल्या कांहीं स्वरांतच जाणकार त्याला ओळखतात.

मग लांकडी मान लावून फरक पडला असें सांगणारे वादक खोटें बोलतात काय? मुळींच नाहीं. त्यांच्या साक्षींत फरक खरा आहे. चूक होते ती त्याचें कारण लावण्यांत. तें कळण्यासाठीं मानेचें कार्य नीट पाहिलें पाहिजे.

मध्यम आकाराच्या, म्हणजे आल्टो जातीच्या सॅक्सोफोनांत माउथपीसजवळ मानेचें छिद्र सुमारें १२ मिलिमीटर व्यासाचें असतें. खालच्या टोकाशीं तें जवळजवळ दुप्पट होतें, आणि वाद्याच्या कर्ण्याशीं नळीचा व्यास सुमारें १२० मिलिमीटरपर्यंत जातो. आतां कारागिराच्या हातून अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली असें समजावें. कर्ण्याशीं तिनें क्षेत्रफळांत एक टक्काही फरक पडत नाहीं. मानेच्या तोंडाशीं मात्र तीच चूक क्षेत्रफळ सुमारें साडेआठ टक्क्यांनीं वाढविते. गळ्यांतील सूज आणि पायावरील सूज यांत जो फरक, तोच हा. मान सर्वांत अरुंद आहे, म्हणून तेथील केसाएवढी गोष्ट साऱ्या वाद्याला भोंवते.

शिवाय सॅक्सोफोनची नळी हा पुरा शंकू नव्हे. त्याचें टोंक छाटलेलें असतें. त्या छाटलेल्या टोंकांत जेवढी हवा मावली असती, तेवढीच भरपाई माउथपीसच्या पोटानें करावी लागते. अमेरिकन शास्त्रज्ञ आर्थर बेनेड यांनीं १९७६ सालच्या आपल्या ग्रंथांत अशा गोष्टींचा सविस्तर उलगडा केला आहे. हा हिशेब जुळला तर नळीचे मूळ व वरचे अनुनाद एक, दोन, तीन अशा पूर्ण प्रमाणांत बसतात. वादकानें फुंक घातली म्हणजे पत्तीखालून हवेचा पहिला झटका नळींत उतरतो, उघड्या छिद्रापाशीं परततो आणि पत्तीला पुन्हा हालवितो. अशा कांहीं येरझारांनंतर स्वर स्थिर होतो. अनुनाद एकमेकांशीं जुळलेले असतील तर प्रत्येक परतणारी लाट पत्तीला साहाय्य करिते, आणि स्वर चटकन उठतो. ते फटकून असतील तर स्वर अडखळतो. वादक ज्याला वाद्याचा प्रतिसाद म्हणतात तो हाच. त्याची किल्ली बऱ्याच अंशीं मानेच्या पोटांत आहे.

आतां लांकडाकडे वळावें. पितळी मान करतांना निमुळती नळी घेऊन, तिच्यांत शिसें किंवा डांबरासारखा पदार्थ भरून ती वांकवितात, म्हणजे वळणावर ती चेपत नाहीं. लांकडाचा असा जाड ठोकळा वांकवितां येत नाहीं. तो दोन अर्धुकांत कोरून चिकटवावा लागतो, किंवा तुकडे जोडून वळण साधावें लागतें. त्यामुळें आंतील शंकू पितळी मानेसारखा हुबेहूब उतरणें जवळजवळ अशक्य. भिंत जाड असल्यामुळें सप्तक बदलण्यासाठीं मानेवर जें बारीक छिद्र असतें, त्याची नळीही निराळ्या लांबीची होऊं शकते. आणि तिचा वरच्या स्वरांवर परिणाम होतो. देहांत बसणारा सांधा घट्ट नसेल तर हवा निसटते, आणि खालचे स्वर प्रथम रुसतात. उलट, जुनी पितळी मान सैल झालेली असून नवी लांकडी मान चपखल बसली, तर खालचे स्वर एकदम मोकळे होतात, आणि त्याचें श्रेय सांध्याऐवजीं लांकडाला मिळतें.

लांकडाचा स्वतःचा असा कांहींच वाटा नाहीं, असेंही म्हणतां येणार नाहीं. नळीच्या भिंतीलगत हवेचा एक अत्यंत पातळ थर घर्षणानें अडलेला असतो. मध्यसप्तकाच्या आसपास त्याची जाडी एक दशांश मिलिमीटरच्या घरांत असते. लांकडाचीं छिद्रें व खरखरीतपणा या थराच्या तोडीचीं असतील तर लाटेची शक्ति तेथें मुरते, आणि स्वराची धार बोथट होते. म्हणून नळी आंतून घोटून तेल पाजलेलें लांकूड पितळेच्या जवळ जातें, आणि तशीच कोरडी ठेवलेली नळी मंद बोलते. दुसरें, लांकूड उष्णता फार सावकाश वाहून नेतें. हवेंतील ध्वनीचा वेग एका अंश सेल्सिअसमागें सेकंदाला सुमारें ०.६ मीटरनें वाढतो. म्हणून थंड दिवाणखान्यांत मान किती लवकर तापते वा निवते याचा स्वराच्या उंचीशीं थोडा संबंध पोंचतो. तिसरें, लांकूड ओलाव्यानें फुगतें, सुकल्यानें आकसतें. हे सारे गुण लांकडाचेच आहेत. परंतु लांकूड गातें म्हणून हे परिणाम घडत नाहींत. लांकडामुळें आंतल्या हवेची परिस्थिति बदलते म्हणून घडतात.

राहिला वादकाच्या कानाचा प्रश्न. सॅक्सोफोन वाजवितांना वरचे दांत माउथपीसवर टेकलेले असतात. पत्तीची थरथर त्या दांतांतून जबड्याच्या व कवटीच्या हाडांत शिरते, आणि तेथून थेट आंतल्या कानापर्यंत जाते. स्वतःचें बोलणें ध्वनिमुद्रित करून ऐकणाऱ्याला तें परक्याचें वाटतें, त्याचें कारण हेंच कीं, एरवीं हाडांतून पोंचणारा भाग तेथें नसतो. मानेचें वजन व ताठपणा बदलला तर माउथपीसची थरथर आणि दांतांना व हातांना होणारा तिचा स्पर्श बदलूं शकतो. वादकाला वाद्य निराळें वाटतें, आणि त्याच्यापुरतें तें निराळें असतेंच. त्या जाणिवेनें तो फुंक थोडी निराळी घालतो, ओंठ निराळे आवळतो. मग श्रोत्यालाही फरक ऐकूं येतो. पण तेथें स्वर बदलला तो माणसानें.

म्हणून या प्रश्नाचा खरा निकाल एकाच प्रकारें लागूं शकतो. आंतून मिलिमीटरच्या शतांशापर्यंत सारख्या अशा दोन माना कराव्या, एक पितळेची व एक लांकडाची. दोन्हींचे सांधे हवाबंद असावे, सप्तकाचें छिद्र एकाच मापाचें असावें, वादकाचे डोळे बांधावे आणि वजनाचा सुगावा लागूं देऊं नये. गोल नळ्यांचा आजवरचा अनुभव पाहतां, अशा कसोटींत फरक राहिलाच तर तो बारीक असेल, असें मानण्यास भरपूर आधार आहे. व्यवहारांत मात्र दुकानांत मिळणारी लांकडी मान आणि वाद्याबरोबर आलेली पितळी मान यांची तुलना होते, तेव्हां दोन पदार्थांची तुलना होत नसून दोन निराळ्या गळ्यांची होत असते.

यांतून शहाण्या वादकानें घ्यावयाचा बोध साधा आहे. लांकडी मान वाजवून पाहावी, आवडली तर घ्यावीही. पण ती लांकडाची आहे म्हणून घेऊं नये. तिचें पोट कसें कोरलें आहे, सांधा कसा बसतो, स्वर एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, हें पाहून घ्यावी. आपली जुनी पितळी मान गळत असेल तर आधीं ती कारागिराकडून नीट करून घ्यावी. पुष्कळदां हवी असलेली ऊब तेथेंच सांपडेल, आणि सावकाश वाढणारें एक झाडही वांचेल.

सनईच्या कारागिराला यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. चांगल्या लांकडाची पारख तो करितो, पण त्याचा खरा जीव गुंतलेला असतो तो आंतील छिद्र क्रमानें फांकत नेण्यांत व पत्ती सोलण्यांत. ओंडका कितीही उत्तम असला तरी आंतली वाट चुकली तर सनई रडते. पॅरिसच्या न्यायालयांत ज्याचें आयुष्य झिजलें, त्या सुतारपुत्राचें म्हणणें याहून निराळें नव्हतें. भिंत लांकडाची असो वा पितळेची, गाते ती आंतली हवा. भिंतीनें तिला नीट वाट द्यावी, एवढेंच तिचें काम.